पांढरं रेशनकार्ड असलं तरी विचारा: जनआरोग्य योजनेचा आमचा अनुभव

बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी काउंटरवर पहिलंच वाक्य ऐकलं, "पांढरं कार्ड? योजनेत बसत नाही." दागिने मोडायची बोलणी सुरू झाली होती. मग त्याच दवाखान्यातल्या आरोग्यमित्र ताईंनी (योजनेसाठी रुग्णांना मदत करायला दवाखान्यात बसतात त्या) कागद हातात घेतले आणि सांगितलं, बसतं.

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना, पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांसाठी होती, कुटुंबाला वर्षाला दीड लाख. आता पांढरं कार्डही चालतं, आणि कवच 5 लाखांचं आहे. ही मर्यादा माणशी नाही, अख्ख्या घराची मिळून. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड (केंद्र सरकारचं मोफत उपचारांचं कार्ड) उत्पन्न न पाहता मिळतं, तेही काढून ठेवा.

आमचा एक दिवस गेला तो नावापायी. आधारवर बाबांचं पूर्ण नाव, रेशनकार्डावर नुसतं 'बापू'. आजारपण यायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं नाव दोन्हीकडे जुळतंय का ते बघा, हात जोडून सांगते. सुनेचं, नव्या बाळाचं नाव कार्डावर चढलंय ना, तेही.

मंजुरी आल्यावर स्टेंटचे, खाटेचे, जेवणाचे पैसे लागले नाहीत. मात्र आधीच्या ओपीडीच्या तपासण्या खिशातून गेल्या. दवाखाना अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील झालेला हवा आणि तुमचा उपचार यादीत हवा. 155388 वर फोन करून दोन्ही विचारता येतं.

काउंटरचं 'नाही' ऐकून परत फिरू नका. आधी आरोग्यमित्राला गाठा.