लॉबीतलं स्टीलचं जाळं: दोन पावसाळ्यांनंतर

रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला आमच्या मासळी-प्रक्रिया कंपनीचं नवं ऑफिस झालं, तेव्हा लॉबीत रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्याचं शिल्प टांगायचं ठरलं. दोन मजले उंच. स्टेनलेस स्टीलच्या पाइपांचा सांगाडा, त्यावर वायररोपची वीण आणि त्यात अडकवलेले लेझरने कापलेले ॲल्युमिनियमचे मासे. एक टोक पोर्चमधून बाहेर उघड्यावर जातं. दुसरा पावसाळा नुकताच सरला. फोटो बघून लोक किंमत आणि कलाकाराचं नाव विचारतात, म्हणून टिकाऊपणाबद्दल मीच लिहितो. ऑफिसची देखभाल माझ्याकडे आहे.

पहिल्या कोटेशनमध्ये 304 ग्रेडचं स्टील होतं. डिझायनरने 316 चा हट्ट धरला. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने पृष्ठभागाला बारीक खड्डे पडायचं प्रमाण कमी होतं. किलोमागे फरक बराच, अकाउंट्सवाले कुरकुरले. पण बाहेरचं रेलिंग दुसऱ्या कंत्राटात 304 मध्ये झालं आणि पहिल्या दिवाळीपर्यंत त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग दिसायला लागले. त्यानंतर कुरकुर बंद.

तरी 316 म्हणजे अमरपट्टा नाही. शिल्पाचं जे टोक पावसात भिजतं ते अजून लखलखीत आहे, आणि छपराखाली सुरक्षित असलेला भाग डागाळतो! मीठ दोन्हीकडे सारखंच बसतं. बाहेरचं पाऊस धुऊन नेतो, आतलं दमट हवेत तिथेच चिकटून राहतं. आमची लॉबी समुद्राच्या बाजूला लूव्हर्सची, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची, उघडी, त्यामुळे आतही खारा वारा खेळतोच. त्यात फिनिश हेअरलाइनचं. त्या बारीक रेघांत मीठ धरतं. असं काम करून घेणाऱ्यांनी गुळगुळीत पॉलिशच मागावं, दिसायला थोडं भपकेबाज वाटलं तरी.

काम कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत झालं. पाइप 6 मीटरचे येतात, त्या हिशेबाने जोड आधीच ठरवले होते. अख्खा सांगाडा तिथल्या शेडमध्ये एकदा उभा केला, तुकड्यांवर नंबर ठोकले, मग सुटं करून आंबा घाटातून आणलं. हा भाग उत्कृष्ट. इथे एकही भोक नव्याने पाडावं लागलं नाही. वर्कशॉपमधल्या आर्गॉन वेल्डिंगवर पिकलिंग पेस्ट (ॲसिडचा लेप) लावून तापल्याचे निळसर डाग काढले होते. इथे साइटवर मारलेल्या दोन-चार टाक्यांना मात्र घाईत पेस्ट लागली नाही. पहिला गंज नेमका तिथेच.

माशांचंही तसंच. ॲल्युमिनियम थेट स्टीलला टेकलं आणि वर खारट ओल बसली की ॲल्युमिनियम झिजतं, म्हणून प्रत्येक भोकात नायलॉनचा बुश, म्हणजे दोन्ही धातू वेगळे ठेवणारी छोटी नळी, द्यायचा होता. वरच्या रांगेत बुश संपले असावेत. त्या माशांच्या भोकांभोवती आता पांढरी भुकटी जमते.

वाऱ्याची भीती सगळ्यांनाच होती. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ इथे कोण विसरलंय? डिझायनरने आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा भार काढला, बीममध्ये केमिकल अँकर (रसायनाने चिकटवलेले बोल्ट) बसवले आणि आमच्यासमोर ते ओढून तपासले. आतापर्यंत काही हललेलं नाही. आवाजाचा विचार मात्र कुणी केला नव्हता. जूनच्या पहिल्या झोडीत मासे एकमेकांवर असे खणखणले की रिसेप्शनवरच्या ताईंनी टेबल हलवायची मागणी केली. शेवटी शेपट्यांना सिलिकॉनच्या नळीचे तुकडे चढवले.

सफाईचं म्हणाल तर गोडं पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड, बस्स. फरशीचे डाग काढायला आमच्याकडे ॲसिड वापरायचे, त्याच्या वाफेने शिल्पाची खालची कडा काळवंडली. आता लॉबीत ॲसिडला बंदी आहे. तारेचा ब्रशही नाही.

मासळी घेऊन येणाऱ्या एका काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, शिसं वर नि बोया खाली, जाळं उलटं टांगलंत." खरंच आहे. जाळ्याला तरंगणारे बोये वर असतात आणि वजनाचं शिसं खाली. पण कलाकाराला बोयांचे मोठे गोळे खालीच हवे होते. पाहुण्यांना कळत नाही, कोळ्यांना लगेच कळतं.

माझी खरी तक्रार वर पोचण्याबद्दल आहे. शिल्प खाली उतरवायची सोय नाही, त्यामुळे वरची रांग पुसायची तर दर वेळी परांची बांधावी लागते आणि लॉबी अर्धी बंद. चेनपुलीचे हुक सुरुवातीलाच बीममध्ये टाकले असते तर खर्च किरकोळ होता. सुटे मासे आणि प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणे काढलेली ड्रॉइंग्जही करारात नव्हती. ड्रॉइंग्ज मागून मागून मिळाली, मासे अजून नाहीत.

पाचपैकी साडेतीन. रूपाला आणि सांगाड्याला पूर्ण गुण, कापलेले सगळे देखभालीचे. चेनपुलीचं कोटेशन मागवलंय, पुढच्या मे महिन्याच्या आत ती बसली तर अर्धा गुण वाढवेन.