हार्ड डिस्कची टकटक आणि एपीएमचा आकडा: सात महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, 1 टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क आहे आणि तिच्यावर मी डेबियन ही लिनक्स प्रणाली वापरतो. रात्रीच्या शांततेत मिनिटाला एकदोनदा हलकी ‘टक’ ऐकू येऊ लागली, तेव्हा डिस्क जाणार असे समजून मी आधी सगळ्या फायलींचा बॅकअप घेतला आणि मग स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने तिच्या प्रकृतीच्या नोंदी वाचल्या. खराब सेक्टर एकही नव्हता; मात्र 193 क्रमांकाची नोंद, म्हणजे लोड सायकल काउंट, 1,84,000 वर पोहोचली होती आणि डिस्क चालली होती जेमतेम 2,300 तास. तासाला सरासरी 80 वेळा वाचणारे-लिहिणारे हेड फिरत्या चकतीवरून बाजूला जात होते आणि लिनक्सला काहीतरी लिहायचे असल्याने लगेच परत येत होते. अशा डिस्कसाठी उत्पादक बहुधा 3 किंवा 6 लाख आवर्तनांची मर्यादा सांगतात, हे लक्षात घेता काळजी वाटणे स्वाभाविक होते.

डिस्कची सेटिंग पाहण्या-बदलण्याच्या एचडीपार्म या प्रोग्रामने तपासले असता एपीएमचा, म्हणजे डिस्कने वीज किती वाचवायची ते ठरवणाऱ्या सेटिंगचा, आकडा 128 निघाला. 1 ते 127 या आकड्यांत चकती थांबवण्याची मुभा असते आणि 128 पासून 254 पर्यंत ती नसते, म्हणून 128 निर्धोक आहे असे मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. परंतु चकती फिरत राहणे वेगळे आणि हेड जागेवर राहणे वेगळे. 128 वर चकती थांबत नाही, हेड मात्र बाजूला जाऊ शकते. 254 देताच आवाज बंद झाला. 255 ने एपीएम पूर्णपणे बंद होते, पण काही डिस्क ते मानत नाहीत आणि माझ्या डिस्कनेही मानले नाही.

खरा त्रास पुढे झाला. हा आकडा डिस्कची वीज जाताच पुसला जातो, म्हणून तो एचडीपार्मच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिला, तरी चार्जर काढला की टकटक पुन्हा सुरू होई. आठवडाभराने उलगडा झाला: बॅटरीवर असताना टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्राम स्वतःच 128 लावत होता. त्याच्या सेटिंगमध्ये चार्जर आणि बॅटरी दोन्हींसाठी 254 केले आणि फाइलमधली ओळ काढून टाकली, कारण एकच गोष्ट दोन ठिकाणी ठरवली की दोष शोधणे अवघड होते.

सात महिन्यांत काउंट फक्त 412 ने वाढला. तापमान 4 अंशांनी चढले आहे, ते मला मान्य आहे. मात्र हेड आता सतत चकतीवर असल्यामुळे, लॅपटॉप उचलण्यापूर्वी मी तो न चुकता सस्पेंड करतो.