थीमच्या सेटिंगमधले सीएसएस: पानातच छापावे की फाइलमध्ये लिहावे?

ग्राहकाने वर्डप्रेसच्या कस्टमायझरमध्ये, म्हणजे थीमचे रूप बदलण्याच्या सेटिंगच्या पडद्यावर, निवडलेले रंग, फॉन्ट आणि मजकुराची रुंदी प्रत्यक्ष संकेतस्थळावर उतरवायची, तर विचारात घेण्याजोगे दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे, सेटिंगमधून तयार झालेले सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारे नियम, ‘डब्ल्यूपी_ॲड_इनलाइन_स्टाइल’ या फंक्शनच्या साहाय्याने प्रत्येक पानाच्या हेडमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या सुरुवातीच्या भागात, छापणे. दुसरा म्हणजे, सेटिंग जतन होताच अपलोड्स फोल्डरमध्ये सीएसएसची फाइल लिहून ती पानाला जोडणे. पीएचपीची फाइलच स्टाइलशीट म्हणून जोडण्याची जुनी पद्धत मी येथे धरलेली नाही, कारण त्यात चार रंगांसाठी वर्डप्रेस दुसऱ्यांदा लोड करावे लागते.

फाइलची बाजू वरकरणी भक्कम आहे. ब्राउझर ती एकदा उतरवून घेतो आणि पुढच्या पानांना तीच वापरतो, एचटीएमएल सुटसुटीत राहते, आणि फाइल बदलल्याची वेळ आवृत्ती क्रमांक म्हणून दिली की जुनी प्रत चिकटून राहण्याची तक्रारही सहसा येत नाही. मीही काही काळ हीच पद्धत वापरली, आणि वेगाबद्दल माझी तिच्याविषयी काहीच तक्रार नव्हती.

माझे मत बदलले ते स्थलांतराच्या कामांमुळे. चाचणीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस मुख्य सर्व्हरवर नेला जातो, परंतु छायाचित्रे तिथे आधीच असल्यामुळे अपलोड्स फोल्डरला कोणी हात लावत नाही. मग कस्टमायझरमध्ये रंग हिरवा दिसतो आणि संकेतस्थळ मात्र निळेच राहते. अशा वेळी ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबून फाइल नव्याने लिहून घ्यावी म्हटले, तर काही बदल केल्याशिवाय ते बटण दाबताच येत नाही. त्यामुळे हिरव्या रंगाची छटा मुद्दाम किंचित बदलायची, प्रकाशित करायचे, मग मूळ छटा पुन्हा निवडून पुन्हा प्रकाशित करायचे, आणि हे सारे ग्राहकाला फोनवर समजावून सांगायचे. दोष खरे तर बटणाचा नाही. एकच सेटिंग डेटाबेसमध्येही आहे आणि डिस्कवरही, आणि या दोन नोंदी जुळलेल्या आहेत की नाहीत हे कोणीच तपासत नाही. कस्टमायझरमध्येही हाच पेच दिसतो, कारण जतन न केलेला बदल फाइलमध्ये असणे शक्यच नसते आणि पूर्वदृश्यासाठी शेवटी पानात सीएसएस छापावेच लागते.

पानातच छापण्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की तेच सीएसएस प्रत्येक पानाबरोबर पुन्हा पाठवले जाते. नियमच्या नियम छापले जात असत, तेव्हा या आक्षेपात तथ्य होते. आता सीएसएस व्हेरिएबल्स वापरता येतात, म्हणजे मूल्य एकाच जागी लिहून नियमांत फक्त त्याचे नाव घालता येते. २०२१ मधील ५.८ या आवृत्तीपासून वर्डप्रेसनेही ती न समजणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ या ब्राउझरला निरोप दिला आहे. त्यामुळे सगळे नियम थीमच्या स्थिर फाइलमध्ये राहतात आणि पानात केवळ या मूल्यांचा, ‘:रूट’ने सुरू होणारा, दहा-पंधरा ओळींचा एक गट छापावा लागतो. पानाच्या एकूण आकारात तो मला कधी जाणवला नाही. छापण्यापूर्वी रंगांची मूल्ये ‘सॅनिटाइझ_हेक्स_कलर’ या रंगाचा कोड वैध आहे का हे पाहणाऱ्या फंक्शनमधून गाळून घ्यावीत, एवढी काळजी मात्र सोडू नये.

सर्वांनी हाच मार्ग धरावा असे मी म्हणणार नाही. थीम सेटिंगमधून सॅस (ज्यातून सीएसएस तयार केले जाते ती भाषा) संकलित करत असेल आणि त्यातून मोठे सीएसएस तयार होत असेल, किंवा सर्व्हरवरच्या कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीमुळे (पानात काय चालू द्यायचे हे ब्राउझरला सांगणाऱ्या सुरक्षा-नियमांमुळे) पानातील शैली चालत नसेल, तर फाइलच योग्य ठरते. केवळ बटणावरील होव्हरच्या (माउस वर नेल्यावर दिसणाऱ्या) गडद छटेसाठी मात्र सॅस आणू नये. २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत दोन रंग मिसळणारे सीएसएसचेच ‘कलर-मिक्स’ चालते. बाकी नेहमीच्या थीमसाठी मी पानातच छापणे पसंत करीन. फाइलचाच मार्ग घेणार असाल, तर सेटिंगच्या मूल्यांवरून काढलेला हॅश (मूल्य बदलले की बदलणारा छोटा संकेत) फाइलच्या नावातच घालावा आणि त्या नावाची फाइल जागेवर नसेल तर ती आपोआप पुन्हा लिहिली जाईल अशी व्यवस्था ठेवावी, म्हणजे डेटाबेस एकटाच नव्या सर्व्हरवर गेला तरी ग्राहकाला फोन करावा लागणार नाही.