सरकारी कॉलेजची लायब्ररी, नागपूर : माणसं हलवली तर फरक पडला राव (५ पैकी ४ स्टार)

कॉलेजचं नाव लिहीत नाही, माझा थीसिस अजून सबमिट व्हायचाय अन नो ड्यूजवर सही यांचीच लागते.

आधी इथं इश्यूवाला इश्यूच करणार, पिरिऑडिकल्सवाले पिरिऑडिकल्सच पाहणार, काही विचारलं की 'तिकडे विचारा', अन तिकडे गेलं की मॅडम जेवायला गेलेल्या. मग १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालं, ३० पब्लिशरची जवळपास १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना एकदम ऑनलाइन, तर छापील अंक रजिस्टरला चढवणाऱ्यांनी दिवसभर करायचं काय? नव्या लायब्ररियन मॅडमनी पिरिऑडिकल्स अन रेफरन्स एकत्र केले आणि रिसर्चवाल्यांसाठी वेगळा हेल्प डेस्क काढला.

तिथं बसवले बाइंडिंगवाले काका. म्हटलं झालं कल्याण! पण कोणत्या विषयाचं कोणतं जर्नल हे काकांना तोंडपाठ, नवीन फक्त माउस. चष्मा कपाळावर, एका बोटानं टायपिंग, "काय शोधून राहिली बेटा?" मी म्हटलं कापसावरची बोंडअळी, पाहिजे तसं काही भेटत नाही. "नुसतं कॉटन कॉटन काय टाकते, शास्त्रीय नाव टाक ना." गॉसिपियम टाकलं अन ढिगानं पेपर निघाले, वरून शोधगंगेवरचे, म्हणजे देशभरातले थीसिस ठेवायच्या वेबसाइटवरचे, जुने थीसिस पण काढून दिले. हे गाईडनं सांगायला पाहिजे होतं खरं तर, जाऊ द्या.

प्लॅगरिझम रिपोर्टचे, म्हणजे थीसिसमध्ये कॉपी किती ते तपासायच्या रिपोर्टचे, मात्र हाल. युजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणं १० टक्क्यांपर्यंतच साम्य चालतं म्हणून सगळे तिथं गर्दी करतात, अन लॉगिन एकाच सरांकडे, सर सुट्टीवर म्हणजे रिपोर्ट पण सुट्टीवर. काउंटरमागं ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथन यांचे लायब्ररीसाठीचे १९३१ चे पाच नियम फ्रेम करून लावलेत, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा, तो वाचत मी ताटकळत उभी. टेबलं हलवली तसं लॉगिन पण दोघातिघांना द्या ना.

संध्याकाळी कंत्राटी पोरं असतात, कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर पटापट चालवतात, वागायला पण चांगली, पण शिकून तयार झाली की कंत्राट संपतं अन नवीन आलेला पोरगा आपल्यालाच विचारतो थीसिसचं कपाट कुठाय. नवी घडी बसवताना यांचा विचार कुणी केलेला दिसत नाही, एक स्टार त्याचाच कापला.

जायचं तर दुपारच्या आत जा, काका तेव्हाच जागेवर भेटतात, अन मे महिन्यात कूलरसमोरची खुर्ची आधी पकडा.