हजार रुपयांत घरी व्यायाम: दोरी, ट्यूब, डंबेल की नुसती सतरंजी?

जिमची फी दर महिन्याला भरणं जमत नाही, पण एकदाच हजारेक रुपये बाजूला काढता येतील. मग घरी काय आणावं? लातूर-नांदेडला खोली करून राहणारी पोरं असोत की दिवसभर दुकानात किंवा शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाया, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. माझं मत आधीच सांगतो: डंबेल सगळ्यात शेवटी. पहिला महिना सतरंजीवर काढा, मग ताणून व्यायाम करायची रबरी ट्यूब किंवा बँड घ्या. दोरीवरच्या उड्यांचं तुमची जागा आणि गुडघे ठरवतील.

सतरंजीवर म्हणजे सूर्यनमस्कार, जोर आणि बैठका. खर्च शून्य, बाजेएवढी जागा पुरते आणि दार लावून करता येतं. अंगणात गल्लीच्या नजरा नको वाटणाऱ्या बायकांसाठी ही गोष्ट मोठी आहे. समर्थ रामदास मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबेचे. ते रोज बाराशे नमस्कार घालत, असं सांगतात. नव्या माणसानं मात्र पाच-सहांपासून सुरू करावं आणि दर आठवड्याला दोन-तीन वाढवावेत. जोर जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, मग जमिनीवर. बीपीचा त्रास असेल तर जोर काढताना श्वास कोंडू नका, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पण या व्यायामात एक मोठी उणीव आहे, आणि पैसे कुठे घालायचे ते तिच्यावरूनच ठरतं. जोरात आपण जमीन ढकलतो. छाती, खांदे, दंडाची मागची बाजू तयार होते. पाठीला आणि बेडकुळीला लागतं ते खेचणं, आणि सतरंजीवर खेचायला काहीच नसतं. मोबाइलवर किंवा मशीनवर वाकून बसणाऱ्यांची पाठ आधीच कमजोर असते, म्हणून पहिला खर्च खेचण्याच्या साधनावर व्हावा.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त वस्तू पंक्चरच्या दुकानात मिळते: सायकलची जुनी ट्यूब. दहा-वीस रुपयांत, ओळखीचा असेल तर फुकट. व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, ट्यूब धुऊन पुसा आणि खिडकीच्या गजाला मधोमध अडकवा. कडीला किंवा हँडलला नको, दार उघडलं तर तोंडावर येईल. दोन्ही टोकं धरून कोपरं मागे, बरगड्यांजवळ न्या, क्षणभर थांबा, सावकाश सोडा. सोपं वाटलं तर एक पाऊल मागे सरका, ताण वाढतो. ताकद वाढली की मोटारसायकलची ट्यूब. विकतचा बँड काहीशे रुपयांना येतो. त्याला मुठी असतात, ताण मोजूनमापून वाढवता येतो, रबराचा काळा रंग हाताला लागत नाही. मात्र रबर कुठलंही असो, मराठवाड्याचा उन्हाळा त्याला सोसत नाही. पत्र्याखालच्या खुंटीवर टांगलं तर चिरा पडतात. कपाटात ठेवा आणि रोज ताणण्याआधी नजर फिरवा.

दोरी शंभर-दीडशेला मिळते आणि दम वाढवायला तिच्यासारखं घरगुती साधन नाही. मधोमध पाय ठेवला की मुठी काखेपर्यंत याव्यात, एवढी लांबी ठेवा. पण बसक्या छताच्या खोलीत ती पंख्याला लागते, वरच्या मजल्यावर असाल तर खालचे लोक कुरकुरतात, आणि शहाबादी फरशीवर उड्या मारून नडगी दुखू लागते. मातीचं किंवा मुरमाचं अंगण असेल तरच घ्या. वजन जास्त असेल, गुडघे दुखत असतील तर दोरी सोडून भरभर चाला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्रा रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, म्हणून तेव्हा दोरी काय नि चालणं काय, उजाडतानाच.

डंबेल वाईट नाहीत, पण लोखंडी जोडीत सगळं बजेट संपतं आणि पाच-पाच किलो काही महिन्यांत हलके वाटू लागतात. तोवर तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन भरा: पाणी घातलं तर पाच किलो, कोरडी वाळू घातली तर साधारण आठ. मूठ आयतीच आहे. झाकण तेवढं घट्ट बसवा. उरलेल्या पैशांत फुटाणे-शेंगदाणे आणा, प्रोटीन पावडरीचा डबा नको.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. रोज बावीस-तेवीस मिनिटं चालणं, आणि दोन दिवस जोर-बैठका व ट्यूब, यात दोन्ही बसतं. पोलीस भरतीवाल्यांचं गणित वेगळं आहे. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचं असतं, तिथे घरातलं कुठलंच साधन मैदानाची जागा घेत नाही. त्यांनी हजारातले बहुतेक पैसे धावण्याच्या बुटांसाठी राखावेत.