‘द फार्मर वॉज रिप्लेस्ड’साठी बाहेरचा कोड एडिटर आणि गिट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘द फार्मर वॉज रिप्लेस्ड’ हा खेळ २०२३ मध्ये स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानावर अर्ली अ‍ॅक्सेस स्वरूपात, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, आला. चौकोनी शेत, त्यावर फिरणारा एक ड्रोन आणि त्या ड्रोनला चालवण्यासाठी आपण लिहायचा पायथन या प्रोग्रामिंग भाषेसारखा कोड, एवढाच त्याचा मांडव आहे. सुरुवातीला ड्रोन गवत कापतो. पुढे झुडपे, झाडे, गाजरे, भोपळे, सूर्यफुले, निवडुंग अशी पिके आणि कोडमधल्या सोयी, दोन्ही टप्प्याटप्प्याने उघडत जातात. खेळ चांगला आहे की नाही यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही. खेळाच्या आतल्या छोट्या खिडक्यांत कोड लिहिण्याऐवजी बाहेरचा एडिटर (कोड लिहिण्याचा स्वतंत्र प्रोग्राम) जोडला आणि त्या कोडला गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास जपणारा प्रोग्राम, लावले, तर रोजच्या वापरात नेमका काय फरक पडतो, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे. माझे मत आधीच सांगते: दोन्ही लावावेत, पण आधी गिट लावावे आणि एडिटर नंतर. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात.

आमच्याकडे हा खेळ माझ्या भावाची मुले खेळतात. भाची जळगावला वसतिगृहात राहून शिकते आणि तिचा धाकटा भाऊ चोपड्याला घरी असतो. संगणकाची मांडामांड माझ्याकडे असल्यामुळे दोन्ही ठिकाणची व्यवस्था मीच लावून दिली आणि आजही मीच सांभाळते. घर केळी आणि कापसाचे असल्याने शेताचा खेळ म्हटल्यावर मोठ्यांनीही त्यात डोकावले. नानांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हाऊ ड्रोन वावरमा चालस का?” वावरात चालणाऱ्या ड्रोनला फवारणीपलीकडे फारसे काही येत नाही, आणि हा पेरतो, पाणी देतो, कापणीही करतो, हे त्यांना समजावताना मुलांनाच आपला कोड मोठ्याने वाचून दाखवावा लागला. ते चांगलेच झाले.

मांडणीची पहिली पायरी म्हणजे खेळ आपल्या फाइली कुठे ठेवतो ते शोधणे. विंडोजवर वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅपडेटा’, त्यात ‘लोकललो’, त्यात खेळाच्या नावाचे एकात एक असे दोन फोल्डर आणि त्यांच्या आत ‘सेव्हज’ अशी ती वाट आहे. ‘अ‍ॅपडेटा’ लपवलेला फोल्डर असल्यामुळे फाइल एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या गोष्टी दाखवण्याची खूण आधी करावी लागते. ‘सेव्हज’मध्ये प्रत्येक डावाचा एक फोल्डर असतो, आणि खेळातली प्रत्येक कोडची खिडकी म्हणजे त्या फोल्डरमधली पायथनची एक साधी फाइल असते. त्यामुळे कोणतीही जोडणी, प्लगइन किंवा उठाठेव न करता थेट डावाच्या फोल्डरमध्येच गिट सुरू करता येते.

एकच फाइल गिटपासून लांब ठेवावी, ती म्हणजे ‘सेव्ह’ नावाची जेसन फाइल. त्यात डावाची प्रगती असते आणि ती सतत बदलत राहते. ती गिटमध्ये राहिली तर प्रत्येक कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या टप्प्यात) कोडच्या दोन ओळींबरोबर तिचे अर्थ न लागणारे बदल येतात, आणि दोन जणांचे काम एकत्र करताना तिची जुळवणी कोणालाच करता येत नाही. ‘गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, तिचे नाव घालावे आणि तिची प्रत अधूनमधून वेगळी काढून ठेवावी.

गिट का आधी, याचे उत्तर भोपळ्याच्या पिकात आहे. या खेळात चौरसात लावलेले सगळे भोपळे पिकले की ते एकमेकांत मिसळून एक मोठा भोपळा होतो आणि त्याचे उत्पन्न चौरसाच्या आकाराप्रमाणे झपाट्याने वाढते: ५ बाय ५ च्या चौरसाला १२५, तर ६ बाय ६ ला २१६. अडचण अशी की पिकताना सुमारे २० टक्के भोपळे मरतात आणि एक जरी मेलेला राहिला तरी चौरस पूर्ण होत नाही. भाचीची पहिली पद्धत सरळ होती: सगळे शेत फिरायचे, मेलेल्या जागी पुन्हा लावायचे, आणि एकही मेलेला सापडत नाही तोपर्यंत फिरतच राहायचे. ड्रोनचे प्रत्येक पाऊल २०० टिकांचे (टिक हे खेळातले वेळ मोजण्याचे एकक) असते, म्हणजे दोनच भोपळे मेले असले तरी ३६ जागांच्या फेरीला ७,२०० टिका जातात. दुसऱ्या पद्धतीत तिने मेलेल्या जागांची यादी ठेवली आणि ड्रोनला तेवढ्याच जागी पाठवले. तिसऱ्या पद्धतीत या शेताच्या कडा एकमेकींना जोडलेल्या आहेत, म्हणजे पूर्वेकडून बाहेर पडलेला ड्रोन पश्चिमेकडून आत येतो, याचा फायदा घेऊन जवळची बाजू निवडली. ६ बाय ६ च्या शेतात त्यामुळे एका दिशेला जास्तीत जास्त पाच पावलांऐवजी तीन पावले पुरतात.

या तीन पद्धती तीन कमिटांत आहेत. फरकाच्या लाल आणि हिरव्या ओळी शेजारी ठेवून पाहिल्या की कोणत्या ओळीने किती टिका वाचल्या ते बोट ठेवून दाखवता येते. खेळाच्या आतल्या खिडकीत जुना कोड पुसून नवा लिहिला जातो आणि पहिली पद्धत का वाईट होती, हे पाहण्याची सोयच उरत नाही. पण कमिटचा संदेश कसा लिहिला आहे यावर हे सगळे अवलंबून असते. सुरुवातीला दोघेही ‘बदल केला’, ‘आता चालते’ असे लिहीत. मग मी त्यांना नानांची वही दाखवली. कोणत्या वाफ्यात कधी लागवड केली, कोणते खत दिले, घड किती किलोचा भरला, एवढेच त्यात असते. तेव्हापासून प्रत्येक संदेशात तीन गोष्टी येतात: काय बदलले, किती टिका लागल्या आणि उत्पन्न किती आले. टिका मोजण्याचे फंक्शन खेळातच आहे, आणि ‘क्विक प्रिंट’ वापरले तर आकडा नोंदवण्यात वेळ जात नाही. साध्या ‘प्रिंट’ने ड्रोन हवेत धुराने अक्षरे काढतो आणि त्यात एक सेकंद खर्ची पडतो. भोपळे मरण्यात नशिबाचा भाग असल्याने एका फेरीच्या आकड्यावर विसंबू नये. खेळात पुढे ‘सिम्युलेट’ची, म्हणजे कोड वेगळा चालवून पाहण्याची सोय उघडते, तिथे तोच सीड (नशिबाचा भाग ठरवणारा आकडा) देऊन दोन कोडची तुलना करणे खरे न्याय्य आहे.

या नोंदींचे मोल एका लपलेल्या चुकीने दाखवून दिले. ‘अमुक जागी जा’ या सामाईक फंक्शनमध्ये भाच्याने सुधारणा करताना एक्स आणि वाय यांची अदलाबदल झाली होती. झाडे नेहमीसारखीच लागत राहिली, कारण शेजारी झाड असले की वाढ मंदावते म्हणून झाडे बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक लावतात, आणि त्यासाठी एक्स अधिक वाय ही बेरीज सम आहे का एवढेच पाहिले जाते. बेरजेत क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. भोपळ्यांचे मात्र बिघडले. ड्रोन मेलेल्या जागेऐवजी तिच्या आरशातल्या जागी जायचा, तिथे भोपळा ठीक आहे असे पाहून यादीतून नाव काढायचा, आणि चौरस अपुरा असतानाच कापणी व्हायची. कुठेही चूक दाखवणारा संदेश नाही, ड्रोन थांबत नाही, फक्त उत्पन्न कमी. ते कमी झाल्याचे जुन्या संदेशांतल्या आकड्यांमुळे कळले आणि ‘गिट बायसेक्ट’ने दोषी कमिट शोधून दिला. ही आज्ञा चांगला आणि वाईट कमिट विचारून दरवेळी मधला कमिट तपासायला देते, त्यामुळे शंभर कमिट असले तरी सात चाचण्यांत उत्तर मिळते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना बायसेक्ट शिकवावे असे मला मनापासून वाटते. पाठ्यक्रमात ते क्वचितच येते, आणि इथे त्याची गरज खेळता खेळता समोर उभी राहते.

आता एडिटरकडे वळते. जळगावच्या संगणकावर व्हीएस कोड हा एडिटर आहे. खेळाच्या पर्यायांत ‘फाइल वॉचर’ नावाची सोय आहे. ती चालू केल्याशिवाय बाहेर केलेला बदल चालू डावाला कळत नाही, म्हणून ती पहिल्याच दिवशी चालू करावी. बायसेक्टने जुन्या फाइली समोर आणल्या की याच सोयीमुळे खेळही त्या लगेच उचलतो. खेळ डावाच्या फोल्डरमध्ये ‘बिल्टिन्स’ नावाची, आगेमागे दोन-दोन अंडरस्कोअर असलेली एक फाइल तयार करून ठेवतो. तिच्यात खेळातल्या फंक्शनांची ओळख असल्यामुळे एडिटर ‘हार्वेस्ट’, ‘टिल’, ‘प्लँट’ या नावांखाली लाल रेघा ओढत नाही आणि अर्धे नाव लिहिले की पुढचे सुचवतो. एकाच वेळी अनेक फाइलींत शोधणे आणि एखाद्या फंक्शनचे नाव सगळीकडे एकदम बदलणे या दोन सोयींसाठी तरी बाहेरचा एडिटर हवाच. कोड वाढला की खेळातल्या तरंगत्या खिडक्यांत हरवायला होते.

दोन बाबतींत सावध राहावे. पहिली म्हणजे ऑटो सेव्ह. व्हीएस कोडमध्ये ते मुळात बंद असते, पण पुष्कळ जण ते चालू करतात आणि मग टंकणे थांबताच एका सेकंदात फाइल जतन होते. फाइल वॉचर चालू असताना याचा अर्थ अर्धवट लिहिलेली ओळ थेट खेळात जाते. ते बंदच ठेवून कंट्रोल-एसची सवय लावणे उत्तम, आणि एकच फाइल खेळाच्या आत व बाहेर अशी दोन्हीकडे संपादित करू नये. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. एडिटर हा कोड पायथन समजून वाचतो, पण खेळाची भाषा पूर्ण पायथन नाही. क्लास किंवा लिस्ट कॉम्प्रिहेन्शन असे पायथनमधले काही लिहिले तर एडिटर ते निमूटपणे मान्य करतो आणि खेळ ते नाकारतो. नवशिक्या मुलांना यात दोष कोणाचा ते कळत नाही, म्हणून खेळातली मदतीची पाने हाच शेवटचा शब्द, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

दोन ठिकाणचे काम जोडण्यासाठी आम्ही इंटरनेटवरची सेवा न घेता पेन ड्राइव्ह वापरला. गिटला रोजच्या कामासाठी इंटरनेट लागतच नाही, ही आमच्यासारख्या ठिकाणी फार मोठी सोय आहे. पेन ड्राइव्हवर एक ‘बेअर’ रिपॉझिटरी, म्हणजे फक्त गिटचा इतिहास असलेला फोल्डर, ठेवली आहे. भाची सुट्टीला एसटीने घरी येते तेव्हा तिच्याबरोबर ती येते, आणि पुश व पुल, म्हणजे कमिट तिथे पाठवणे व तिथून घेणे, इथल्या इथे होते. यात एक अडथळा हमखास येतो. २०२२ पासून गिट फोल्डरचा मालक कोण ते तपासते, आणि पेन ड्राइव्हवरच्या फॅट किंवा एक्सफॅट या फाइली साठवण्याच्या पद्धतीत मालकाची नोंदच नसते, त्यामुळे मालकी संशयास्पद असल्याचा संदेश देऊन गिट काम थांबवते. ‘सेफ डिरेक्टरी’ या सेटिंगमध्ये तो मार्ग घातला की प्रश्न सुटतो, परंतु ड्राइव्हचे अक्षर बदलले की तो पुन्हा उभा राहतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पेन ड्राइव्हला कायमचे एक अक्षर देऊन टाकावे.

दोघांचा कोड एकच असला तरी दोघांचा डाव एक नाही, आणि गिटला हे ठाऊक नसते. भाचीच्या डावात याद्या उघडल्या होत्या तेव्हा भाच्याच्या डावात त्या उघडल्या नव्हत्या, त्यामुळे तिचा भोपळ्यांचा कोड त्याच्याकडे चालतच नसे. उपाय म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र ब्रांच, म्हणजे इतिहासाची वेगळी फांदी, ठेवली आणि भाच्याने नवीन सोय उघडली की तेवढा भाग ताईच्या ब्रांचमधून घ्यायचा असे ठरले. तो घेण्याआधी “ताई, ही यादी नेमकी कशासाठी ठेवली आहेस?” असे तो फोनवर विचारतो, आणि ती सांगते तेव्हा तिच्याही कोडमधल्या उणिवा बाहेर येतात. ब्रांच आणि मर्ज (फांद्या एकत्र करणे) हा विषय मी अनेकांना समजावला आहे, पण इतका सहज तो आजवर कोणाच्या गळी उतरलेला मी पाहिला नव्हता.

कमिटचे संदेश मराठीत लिहावेत अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. गिट ते युनिकोडमध्ये बिनतक्रार साठवते. व्हीएस कोडच्या सोर्स कंट्रोलच्या पट्टीत मराठी स्वच्छ दिसते, मात्र टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या सरकतात, म्हणून इतिहास वाचायचा तो पट्टीतच. फाइलींची नावे मात्र रोमन अक्षरांत असू द्यावीत. देवनागरी नाव दिले तर गिट ते आकड्यांच्या रूपात दाखवते. ‘कोअर कोटपाथ’ हे सेटिंग बंद केले की नाव नीट दिसते, पण प्रत्येक संगणकावर ते आठवणीने करावे लागते.

चोपड्याच्या संगणकाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण अनेक घरांत तसाच संगणक असतो. त्यात ४ जीबी रॅम आहे. खेळ, व्हीएस कोड आणि त्याचा पायथनचा विस्तार हे तिन्ही एकदम चालवले की तो अडखळतो, आणि एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात, पारा ४४ अंशांच्या पुढे असताना, पंख्याचा आवाज बाहेरच्या ओट्यापर्यंत येतो. तिथे व्हीएस कोड काढून नोटपॅड प्लस प्लस ठेवले. नावे सुचवण्याची सोय गेली, पण फाइल वॉचर आणि गिट तसेच चालतात. वीज अचानक जाते तेव्हा चालू फाइलमधले न जतन केलेले काम जाणारच; कमिट केलेले सगळे वीज आल्यावर जागच्या जागी सापडते. अशा संगणकावर फक्त गिट आणि एखादा हलका एडिटर एवढेच लावावे, आणि रॅम वाढवून ८ जीबी झाली की व्हीएस कोडचा विचार करावा.