यंत्रमागावर एनएफसी टॅग : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे १४ यंत्रमाग आहेत. आठ जेकार्ड (विणीतच नक्षी असलेल्या) चादरींचे, सहा टॉवेलचे. नवी पेठेत छोटं दुकानही आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये एनएफसी टॅग, म्हणजे फोन जवळ नेला की लिंक उघडणारे छोटे चिपचे स्टिकर, घेतले ते खरं तर दुकानासाठी. गिऱ्हाइकाने फोन टेकवायचा, की आमचा कॅटलॉग उघडणार, एवढीच कल्पना होती. आज सांगायचं तर दुकानात त्याचा उपयोग बेताचाच झाला, कारखान्यात मात्र त्याने कामाची पद्धतच बदलली.

आधी मागाची अडचण सांगतो. कोणता माग कधी बंद पडला, कशाने पडला, किती वेळ उभा राहिला, हे सगळं वहीत लिहायचं ठरलेलं. पण चालू पाळीत वही कोण शोधणार? पाळी संपताना आठवून लिहायचे, म्हणजे अंदाजपंचे. क्यूआर कोडही चिकटवून पाहिले. पंधरा दिवसांत त्यांवर तेल आणि कापसाचा भुरा बसला, कॅमेऱ्याला काही दिसेना. एनएफसीला दिसण्याची गरजच नाही. वर तेलकट थर असला तरी फोन जवळ नेला की लागतं.

आता प्रत्येक मागावर एक टॅग आहे. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, फोन टेकवतो, गूगल फॉर्म उघडतो, मागाचा नंबर आधीच भरलेला असतो. ताणा (मागावरचे उभे धागे) तुटला, शटल, जेकार्ड, मोटर, यांपैकी एकावर बोट ठेवायचं आणि पाठवायचं. तारीख-वेळ आपोआप शीटमध्ये पडते. आमच्या जॉबर अण्णांची बोली तेलुगू, मराठी लिहायचा त्यांना कंटाळा. पहिल्या दिवशी त्यांनी टॅग उलटसुलट करून विचारलं, "मालक, ह्याची बॅटरी कुठं हाय?" बॅटरी नसतेच. फोनच्या चुंबकीय क्षेत्रातूनच टॅगला वीज मिळते, म्हणून फोन तीन-चार सेंटिमीटरच्या आत न्यावा लागतो.

याच कारणाने माझी पहिली खरेदी वाया गेली. साधे स्टिकर मी थेट मागाच्या लोखंडी चौकटीवर लावले आणि एकही चालेना. ही लहर १३.५६ मेगाहर्ट्झची. टॅगच्या पाठीला धातू आला की तो ते क्षेत्र मारून टाकतो. धातूवर लावायचे टॅग वेगळे मिळतात, त्यांच्या पाठीला फेराइटचा थर असतो. किंमत दुपटीच्या वर पडली, पण लोखंडावर तेच घ्या.

दुसरी चूक जागेची. माझ्या टॅगमधल्या एनटॅग २१३ या चिपमध्ये वापरायला १४४ बाइट असतात. साध्या वेबपत्त्याला ते भरपूर झाले. पण आधीच भरलेल्या फॉर्मची लिंक लांबलचक होते, आणि त्यात मराठी शब्द घातला तर लिंकमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'माग' हा तीन चिन्हांचा शब्द २७ जागा खातो. मी नंबर इंग्रजी आकड्यांत घातले आणि ५०४ बाइटचे एनटॅग २१५ घेतले. तेव्हापासून अडचण नाही.

कुलपाबद्दल सावध राहा. ॲपमध्ये 'लॉक' दाबलं की ते कायमचं, परत उघडत नाही. चुकीची लिंक तशीच लॉक करून माझे सहा टॅग फुकट गेले. या टॅगना पासवर्डही लावता येतो, मी आता तोच लावतो. दुकानातला टॅग उघडा ठेवूच नका. कुणीही येऊन त्यावर आपली लिंक लिहून जाऊ शकतो.

फायदा कुठे झाला ते सांगतो. फेब्रुवारीत शीट चाळताना दिसलं की ११ नंबरच्या मागावर ताणा तुटण्याच्या नोंदी एकदम वाढल्यात. अण्णांनी माग दोनदा तपासला, दोष सापडेना. मग बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) चढवल्याच्या तारखा लावून पाहिल्या. ११ नंबरवर बीम चढला त्या दिवशी चढवलेल्या तिन्ही बीमांवर तोच त्रास होता. म्हणजे दोष मागात नव्हता, सायझिंगमध्ये ताण्याला देतात ती कांजी कमी पडली होती. सायझिंगवाल्याकडे आम्ही तारीख-वेळेचा कागद घेऊन गेलो. पूर्वी अशा वेळी "तुमचाच माग तपासा" ऐकून परत यायचो. या वेळी त्यांनी कागद पाहिला आणि पुढच्या बिलात वजावट दिली. त्या एका वजावटीत सगळ्या टॅगचे पैसे निघाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विणकरांवरचा आळ गेला. ताणा तुटला की पहिलं बोट त्यांच्याकडेच जायचं.

दुकानाचं थोडक्यात. बऱ्याच गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये एनएफसी नसतं, असलं तर बंद असतं. आयफोन २०१८ च्या एक्सएस, एक्सआरपासून ॲपशिवाय टॅग वाचतात. अँड्रॉइडला स्क्रीन उघडी लागते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याच्या गर्दीत तर लोक सरळ क्यूआरकडेच वळले, तो हाताच्या सवयीचा झालाय. काहींना फोन टेकवला की पैसे कापले जातील अशी भीती वाटायची. त्यात फक्त लिंक आहे हे दरवेळी समजावावं लागलं. चादरीच्या लेबलात साधा टॅग शिवून पाहिला, धुलाईत टिकला नाही. धुलाईचे खास टॅग असतात, पण आमच्या चादरीच्या भावात ते बसत नाहीत.

मे महिन्यात शेडमध्ये ४० च्या वर तापतं, तेव्हा दोन टॅगचा डिंक सुटला. आता कडेने इपॉक्सी लावतो. पुढच्या महिन्यात बीमांनाही टॅग लावणार आहे, म्हणजे कोणता बीम कोणत्या मागावर कधी चढला हे तारखा जुळवत बसावं लागणार नाही. बीमही लोखंडीच, त्यामुळे फेराइटवालेच २० मागवलेत.